वलणीपर्यंतचा हात

आईच्या डाव्या हाताची जाडी मी रोज दुपारी मोजायचे. ती जेवून आडवी झाली, की शिंप्याकडून आणलेली टेप तिच्या कोपराखाली चार बोटांच्या अंतरावर गुंडाळायची, आकडा अकाउंट्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचा आणि टेप माझ्या पुस्तकांमागे सरकवायची. ती झोपलेली असते असं मला वाटायचं. आता वाटतं, नसावी.

त्या वर्षी मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आण्णा, म्हणजे माझे वडील, सातवीपर्यंत शिकले आणि मामाबरोबर सांगलीकडून चेन्नईला आले. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा आमचा गलाईचा धंदा. जॉर्ज टाउनमध्ये खाली दुकान आणि भट्टी, वर दोन खोल्यांत आम्ही. मी आठवीत असल्यापासून घरात आलेला प्रत्येक कागद माझ्या हातात यायचा. गॅसचा, बँकेचा, शाळेचा. "पोरगी वाचून सांगंल," असं आण्णा म्हणाले की विषय संपायचा. मी जे सांगीन ते घर करायचं. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

आईच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं आणि घरी जाताना इस्पितळानं दोन पानं दिली, तीही माझ्याच हातात आली. पहिल्या पानावर काय करू नये ते होतं. त्या हातानं जड उचलू नये, त्या हाताला सुई टोचू देऊ नये, सूज येते का पाहावं. दुसऱ्या पानावर चित्रं होती. एक बाई भिंतीवर बोटं चढवत हात वर नेते आहे, दोन्ही हातांनी काठी धरून डोक्यावर उचलते आहे. मी ते पान वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं.

पण त्या आठवड्यात ड्रेसिंगच्या रांगेत मला एक बाई दिसली. तिचा एक हात इतका सुजला होता की ब्लाउजची बाही उसवून ठेवली होती, आणि हात मांडीवरच्या उशीवर वेगळा ठेवलेला होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. तिच्या सुनेनं मला सांगितलं की ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली, सूज नंतर आली आणि गेलीच नाही. मी घरी येऊन फोनवर वाचत बसले. जितकं वाचलं तितकी ती चित्रं मला भयंकर वाटायला लागली. टाके भरेपर्यंत नको, असं मी ठरवलं. मग पहिली केमो होईपर्यंत नको. मग अशक्तपणा जाईपर्यंत. आणि आईला मी म्हणाले, "डॉक्टरनी सांगितलंय, हा हात अजिबात हलवायचा नाही."

डॉक्टरांनी तसं सांगितलं नव्हतं.

आईनं ऐकलं. डावा हात पोटाशी धरून ती बसायची, पदराचं टोक मुठीत. तिचे केस मी विंचरायचे, ब्लाउजचे हूक मी लावायचे. भेटायला येणाऱ्या गलाईवाल्यांच्या बायकांना मी दारातच सांगायचे की उजव्या बाजूला बसा. त्या माझं कौतुक करायच्या, शिकलेली पोरगी घरात असली की असं असतं म्हणायच्या. दुसऱ्या केमोनंतर केस गेले आणि विंचरायचं काम संपलं, तरी सवयीनं मी सकाळी फणी हातात घ्यायचे.

तिसऱ्या केमोच्या दिवशी डॉक्टरांनी आईला दोन्ही हात वर करायला सांगितले. उजवा सरळ वर गेला. डावा खांद्याच्याही खाली अडकला आणि आईचा चेहरा पांढरा पडला. डॉक्टरांनी दोनदा करून पाहायला लावलं. मग ते माझ्याकडे वळून सांगू लागले, कारण कागद माझ्याकडे होते. आणखी तीन केमो आहेत, त्यानंतर रेडिएशन. त्यासाठी आधी एक स्कॅन करून जागा नक्की करतात. त्या वेळी आणि पुढं रोज, दोन्ही हात डोक्यावर ठेवून न हलता पडून राहावं लागतं. पहिल्या दिवशी वीसेक मिनिटं. हात वर गेला नाही तर तो मध्ये येतो. मग स्कॅनची तारीख पुढं ढकलावी लागेल, आणि ती ढकललेली बरी नाही. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढं बोलून ते पुढचा कागद लिहायला लागले.

बाहेर आण्णा उभे होते. मी त्यांना सांगितलं, हात वर जायला पाहिजे.

"मग का जात न्हाई?" ते म्हणाले.

"ऑपरेशनमुळं," मी म्हणाले.

इस्पितळातल्या व्यायाम विभागानं एका ट्रेनरचा नंबर दिला, कारण आईला रोज तिथवर नेणं जमणारं नव्हतं. ती तमिळ होती, चाळिशीची. सकाळी टी. नगरच्या बाजूला एका जिममध्ये बायकांना शिकवायची, आणि नंतर स्कूटरवरून असे घरचे पेशंट करायची. कॅन्सरच्या पेशंटना व्यायाम द्यायचं तिनं वेगळं शिक्षण घेतलं होतं. पहिल्या दिवशी ती आमच्या अरुंद जिन्यावरून आली ती मास्क लावून, हात धुवायला पाणी कुठं आहे विचारत. पिशवीतून एक टॉवेल, एक दोरी आणि एक रबरी पट्टा काढला. मला मशीन वगैरे येईल असं वाटलं होतं.

आईची तमिळ भाजीबाजारापुरती. दुभाषी मीच. मी वडलांना आण्णा म्हणते याचं ट्रेनरला हसू आलं, कारण तमिळमध्ये अण्णा म्हणजे मोठा भाऊ. आईला ती अक्का म्हणायची. आईनं तिचं नाव मास्तरीणबाई ठेवलं, आणि ती गेल्यावर म्हणाली, "स्वतः एक दंड मारून दाखवला न्हाई. नुसती बघत बसती."

खरंच ती बघत बसायची. हात धरून वर ओढील अशी मला धास्ती होती, पण तिनं पहिल्या दिवशी हाताला फारसा हातच लावला नाही. आईला पाठीवर झोपवलं, उजव्या हातानं डावा धरायला लावला आणि जिथवर जाईल तिथवर न्यायला सांगितलं. मग विचारलं, दुखणं दहापैकी किती?

"दोन," आई म्हणाली.

मला ते दोन वाटलं नाही. मी तमिळमध्ये चार सांगितलं. दुसऱ्या दिवशी आईनं परत दोन सांगितलं आणि मी पाच केलं. तिसऱ्या दिवशी ट्रेनर मला म्हणाली की तुमच्या दोघींचा आकडा ऐकून मला काही कळत नाही, आता मी तिच्या पायांकडं बघणार आहे. मग मलाही दिसलं. हात एका ठरावीक जागी आला की आईच्या पायांची बोटं आत वळायची. चेहऱ्यावर काही नाही. आमच्याकडं परक्यासमोर दुखतंय म्हणत नाहीत. माझ्या वेळी बाळंतपणातसुद्धा आई ओरडली नव्हती, असं आजी मोठ्या कौतुकानं सांगायची.

मोजायची पद्धत मात्र आईची होती. तिला विसापर्यंत नीट मोजता येतं, पुढं ती विसाच्या हिशोबानं जाते. एक ईस, दोन इसा. ट्रेनरनं दहा वेळा सांगितलं की आई दहा मोजायची, आणि थांबून म्हणायची, "आणि धा झाले की ईस हुत्यात." मग उरलेले दहापण करायची. केमोनंतरचे तीन-चार दिवस सोडून. त्या दिवसांत ट्रेनर हाताला फार काही करू द्यायची नाही. फक्त उठून दारापर्यंत जायचं, परत यायचं, खुर्चीवर बसून श्वास घ्यायचा. खालून भट्टीचा धूर आणि तेजाबाचा वास वर आला की आईला मळमळायचं, म्हणून ट्रेनरनं आण्णांना विचारलं, सकाळी दहा ते अकरा भट्टी बंद ठेवता येईल का. त्या वेळेला सोनारांचं काम येतं. आण्णांनी दुसऱ्याच दिवसापासून बंद ठेवली. त्यांनी ती बंद ठेवली याचीच मला जास्त भीती वाटली. दुखणं किती मोठं आहे ते आण्णांना सगळं कळलं आहे, फक्त हात का अडकला तेवढं माहीत नाही, असं वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात ट्रेनरनं तो प्रश्न विचारला. इतक्या दिवसांत हा खांदा एवढा आखडायला नको होता, इस्पितळातून व्यायामाचा कागद देतात, हिला हलवू नको असं कुणी सांगितलं? तिनं मला विचारलं नव्हतं. आईला विचारायला सांगितलं होतं.

मी टॉवेलची घडी घातली. काय विचारलं ते आईला सांगितलंच नाही. खालच्या रस्त्यावर हातगाडीवाले एकमेकांना वाट मागत होते, तो आवाज मला आजही येतो. आईनं माझ्याकडं बघितलं, मग ट्रेनरकडं, आणि तिच्या बाजारातल्या तमिळमध्ये स्वतःच म्हणाली, "मीच. मीच घाबरले."

तिला प्रश्न कळला होता. म्हणजे बाकीचंही बरंच कळत असणार.

त्या दिवशी ट्रेनरला सोडायला मी जिन्यापर्यंत गेले आणि दोन पायऱ्या खाली उतरल्यावर तिला थांबवलं. तमिळमध्ये मला नीट मांडता येत नव्हतं, मध्येच इंग्रजी येत होतं. मी सांगितलं की आईनं नाही, मी थांबवलं. डॉक्टरांचं नाव घेऊन थांबवलं. ती बाई आणि तिचा उशीवरचा हात, तेही सांगितलं. ती मला समजावेल किंवा रागावेल असं वाटलं होतं. तिनं हेल्मेट काखेत धरलं आणि सांगितलं, ते बरं झालं सांगितलंस. घाबरून हात न हलवल्यानं सूज टळत नाही. उद्यापासून तिच्या ब्लाउजचे हूक तू लावायचे नाहीत. पाण्याचा तांब्या तू द्यायचा नाही. मी शिकवीन तेव्हा तू त्या कोपऱ्यात बसायचं आणि मी बोलेन तेवढंच तिला सांगायचं. जास्त नाही, कमी नाही.

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं झालं नाही. उलट आता ते आम्हा दोघींना माहीत होतं, आणि हात अजून खांद्याशीच होता.

आमच्या आतल्या खोलीत छताखाली एक वलण आहे, कपडे वाळत घालायचा बांबू. पावसाच्या दिवसांत आई उभी राहून काठीनं साडी वर सारायची. ट्रेनरनं दोरी, पट्टा सगळं करून पाहिलं, पण एके दिवशी ती वलणीखाली उभी राहिली आणि आईला म्हणाली, हा तुमचा पट्टा. ओला पंचा काठीवर घ्यायचा, दोन्ही हातांनी काठी धरायची आणि वर सारायची. पहिल्या दिवशी पंचा आईच्या कपाळाशी येऊन थांबला. पाणी तिच्या टकलावर ठिबकलं. आई म्हणाली, "केस न्हाईत ते बरं झालं, भिजलं असतं." ट्रेनरला मी सांगितलं तेव्हा ती हसता हसता खाली बसली.

भिंतीवर आई बोटं जिथवर चढवायची तिथं ट्रेनर पेन्सिलनं रेघ मारायची. रेघा कधी बोटभर वर जायच्या, केमोच्या आठवड्यात खाली यायच्या. मी कॉलेजात लेक्चर ऐकताना त्याच रेघा मोजायचे. एका परीक्षेत ताळेबंद जुळवायचा सोडून किती आठवडे उरले ते पेपराच्या कडेला लिहिलं. टेपचं मोजणंही मी सोडलं नव्हतं. ते फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

पाचव्या केमोनंतर एका दुपारी टेपनं अर्धा इंच जास्त दाखवला. मी परत मोजलं. परत तेच.  मला रांगेतल्या बाईची ती उशी दिसत होती. संध्याकाळी आईनं काठी घेतली तेव्हा मी तिच्या हातातून काढून घेतली. आई हात परत पोटाशी घेऊन बसली. तो हात तसा पोटाशी गेलेला बघितला आणि मी ट्रेनरला फोन केला.

ती ठरलेला दिवस नसताना आली. आधी दोन्ही हात बघितले, दाबून बघितले, मग माझी टेप मागितली. कुठं मोजतेस? मी चार बोटं ठेवून दाखवली. तिनं मला परत ठेवायला लावली. आणि परत. तिन्ही वेळा टेप वेगळ्या जागी गेली. कोपराकडं सरकलं की हात जाडच असतो. तिनं पेनानं आईच्या दोन्ही हातांवर सारख्या अंतरावर ठिपके काढले आणि मोजलं. सूज नव्हती. मग टेप गुंडाळून स्वतःच्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, आठवड्यातून एकदा, मी मोजणार. सूज दिसली, हात जड वाटला, तर फोन कर. बाकी दिवस तू अभ्यास कर.

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "बरं झालं नेली. दुपारची झोप न्हाई लागायची मला त्या टेपनं."

सहावी केमो झाली. नंतरचे तीन आठवडे आई दिवसातून तीन वेळा वलणीखाली उभी राहिली. पंचा वलणीला लागायचा, पण वर पडायचा नाही, परत खाली घसरायचा. स्कॅनच्या आधी पाच दिवस तो वलणीवर पडला. त्या वेळी मी कॉलेजात होते. घरी आले तर पंचा वलणीवर वाळून कडक झालेला होता आणि आईनं तो काढू दिला नव्हता. पण पंचा टाकायला एक क्षण लागतो, आणि तिला वीस मिनिटं झोपायचं होतं. ट्रेनर तिला जमिनीवर झोपवून दोन उशांवर हात ठेवायला लावायची. शेवटच्या दिवशी आई बारा मिनिटं राहिली. वीस नाही.

स्कॅनच्या दिवशी आम्ही सकाळी आठला जाऊन बसलो. आण्णा गोळ्या आणायला खाली गेले होते. आईनं डोक्याला स्कार्फ बांधला होता, डावा हात मांडीवर उघडा ठेवला होता. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आई, हात हलवू नको असं डॉक्टर म्हणालेच नव्हते. मी म्हणाले होते."

"मला म्हाईत हाय."

मी तिच्याकडं बघितलं.

"घरी सोडायच्या दिवशी ती केरळची नर्स आली हुती की. तू बिल भराय गेली हुतीस. तिनं भिंतीवर बोटं चढवून दाखवली, माझीबी चढवून घेतली. मला कळलं हुतं."

"मग केलं का नाहीस?"

आईनं डोक्यावरचा स्कार्फ सारखा केला. "तू नको म्हणलीस न्हवं? घरात सगळी तुझ्या वाचण्यावर चालत्यात. मीच उठून तुला खोटं पाडू?"

तेवढ्यात स्कॅनच्या खोलीच्या दारातून नर्सनं तिला हाक मारली.

आत तंत्रज्ञ एक तरुण माणूस होता. आईला काळ्या टेबलावर झोपवलं, डोक्यापलीकडं हात ठेवायला दोन खोबणी होत्या. उजवा हात खोबणीत गेला. डावा वर गेला, डोक्यापलीकडं गेला आणि खोबणीच्या दोन बोटं वर थांबला. तंत्रज्ञ थांबला. त्यानं मला बोलावलं होतं ते तिला सूचना सांगण्यासाठी. मी आईच्या पायांकडं बघितलं. बोटं आत वळली होती. माझ्या ओठांवर आलं होतं की राहू दे, नंतर करू म्हणतात. त्यानं तसं म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, श्वास सोडायला सांगा आणि कोपर सैल.

"श्वास सोड म्हणतो. आणि कोपर सैल," मी म्हणाले.

आईनं श्वास सोडला. हात खोबणीत बसला.

मला बाहेर जायला सांगितलं. बाहेरचं दार जाड होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं. आण्णा आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले, बसले नाहीत. किती वेळ झाला ते बघायला मी फोन काढला आणि परत आत ठेवला. नंतर काढला तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती.

आई चालत बाहेर आली, डावा हात उजव्यानं धरून, कारण तो खाली येताना जास्त दुखत होता. स्कॅन झाला होता. रोज नेमक्या त्याच जागी झोपवता यावं म्हणून त्यांनी तिच्या छातीवर सुईनं तीन कायमचे ठिपके टोचले होते. तिच्या उजव्या मनगटावर लहानपणचं तुळशीचं गोंदण आहे. ती आण्णांना म्हणाली, "परत गोंदलं मला. पोरीचं लगीन व्हायच्या वयात."

"किती वेळ झोपलीस?" आण्णांनी विचारलं.

"एकोणीस इसा मोजलं, मग हुकलं. मग परत एकपासनं."

रिक्षात ट्रेनरचा फोन आला. झालं का, हात राहिला का, हे सगळं मी सांगितलं. रेडिएशनचे दिवस चालू झाले की कातडी ओढते, खांदा परत आखडू शकतो, म्हणून व्यायाम थांबवायचा नाही, असं तिनं बजावलं. मग म्हणाली, अक्काला विचार, आत्ता किती दुखतंय?

मी आईला विचारलं. आई रस्त्याकडं बघत होती. हात मांडीवर होता, पायांत चपला होत्या, त्यामुळं बोटं दिसत नव्हती.

"आठ," आई म्हणाली.

मी फोनवर आठ सांगितलं.